पिंपातला हिवाळा

१

आषाढात सुर्ल्यात कपडे वाळत नाहीत, हे कुणाला सांगावं लागत नाही. चुलीवर दोरी बांधा, पंख्याखाली पसरा, नाहीतर तसेच ओले अंगावर घालून फिरा, कुबट वास काही सुटत नाही. मंजुळा लग्न होऊन दोडामार्गाकडून या गावात आली तेव्हापासून तिने प्रत्येक पावसाळा असाच काढला होता, आणि पावसाळ्याला शिव्या घालणं हे तिचं या दिवसांतलं रोजचं काम होतं. तोंडाची ती पहिल्यापासून फटकळ. चौथीत शाळा सुटली ती मास्तरांना उलट बोलल्यामुळे, असं तिच्या माहेरी अजून सांगतात.

त्या वर्षी पडवीतल्या दोरीवर नवऱ्याचा पंचा दुपारच्या आत वाळायला लागला.

नुसता वाळत नव्हता, पापडासारखा कडक होत होता. बाहेर पाऊस पत्र्यावर लाह्या भाजतोय आणि आत पंचा हातात घेतला तर खडखडतोय. मंजुळाला आधी बरंच वाटलं. शेजारची शालिनी काडेपेटी मागायला आली होती, तिने पंच्याला हात लावून बघितला आणि विचारलं, "तुमच्याकडे सूर्य भाड्यान रवता काय गो?"

"रवता तर. जेवकपण हंयच," मंजुळा म्हणाली.

शालिनी घरी जाऊन आपली चादर घेऊन आली. मंजुळाने ती त्याच दोरीवर, पंच्याला लागूनच टाकली. दुसऱ्या दिवशी चादर तशीच ओली होती, तिच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. तिसऱ्या दिवशी शालिनी ती घेऊन गेली.

मग मंजुळाने दोरीवरचा एकेक कपडा चाचपला. तिची लुगडी ओली. तिचा टॉवेल ओला. पंचा, दोन गंज्या आणि लुंगी एवढंच कोरडं होतं. कोरडं होतं ते सगळं कृष्णनाथचं.

दोरीचं ते टोक चुलीच्या बाजूला असेल, तिने मनाशी म्हटलं. पण चूल दुसऱ्या बाजूला होती. तिने तिकडे बघितलं आणि पेजेला आधण ठेवलं.

२

खाणी चालू होत्या तोवर कृष्णनाथ खनिजाचा ट्रक चालवत होता. सुर्ल्याहून नदीच्या धक्क्यापर्यंत दिवसभर फेऱ्या. तिन्हीसांजेला घरी यायचा तेव्हा केसांपासून नखांपर्यंत लाल. अंगणाच्या कोपऱ्यात न्हाणीचा सपाट दगड होता, त्यावर तो उकिडवा बसायचा, मंजुळा तांब्या ओतायची, काथ्याने त्याची पाठ घासायची. सगळी संसाराची बोलणी त्या दगडावरच व्हायची. लाल पाणी वाहत जाऊन कोपऱ्यातच मुरायचं. खाणी बंद पडल्या, ट्रक गेला, आणि मागे राहिला खोकला. श्वास आत जायचा, मध्येच कुठेतरी अडकायचा, गाठ सुटावी तसा सुटायचा आणि मग बाहेर यायचा. आता कृष्णनाथ त्याच कोपऱ्यात जुन्या कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसून दिवस काढायचा, पाऊस आला की कदेल उचलून पडवीत. त्या अडकणाऱ्या श्वासाच्या आवाजावरच मंजुळाला झोप लागायची. आवाज थांबला तर ती जागी व्हायची.

कमवायला आता मंजुळाच. खाणवाल्यांनी एकेकाळी खनिज तपासायला बांधलेली एक पत्र्याची शेड होती, ती पणजीच्या एका संस्थेने भाड्याने घेतली होती. तिथे झाडणं, पुसणं, चहा, आणि सांगतील ते वरकाम. सांगणारी एकच होती. क्षमा नावाची फोंड्याची मुलगी. मुलगी म्हणजे तिशी उलटलेली, जाड भिंगांची, जेवण विसरणारी. मंजुळा तिला बाय म्हणायची आणि दोन वाजले की समोर डबा आपटायची.

शेडच्या मधोमध एक लोखंडी पिंप आडवं ठेवलेलं होतं. पाण्याच्या टँकरचं पोर असावं एवढं. एका बाजूला जाड काचेची वाटोळी खिडकी, खाली पंप, आणि दोन्ही टोकांना आतून बसवलेली तांब्याची ताटं. एक ताट गोठवायचं, दुसरं ऊबेला ठेवायचं. पिंपातली हवा पंपाने जवळजवळ सगळी ओढून घ्यायची. आत मग मंगळ होतो, असं क्षमा म्हणाली होती.

मंजुळाला मंगळ पत्रिकेत असतो एवढंच माहीत. तिने तसं सांगितलं, तेव्हा क्षमा हसली आणि चहा पिता पिता तिला समजावून सांगितलं. तिकडे दोन टोकं आहेत, आपल्या पृथ्वीला आहेत तशीच. एका टोकाला हिवाळा लागला की तिथे महिनोन् महिने अंधार. थंडी अशी की हवासुद्धा गोठून खाली पडते. तेव्हा दुसऱ्या टोकाला उन्हाळा. तिथला बर्फ वितळत नाही, त्याचं पाणी होतच नाही, त्याची थेट वाफ होते. ती वाफ सगळा ग्रह ओलांडून अंधाराच्या टोकाला जाते आणि तिथे दंव होऊन बसते. मग ऋतू फिरतो, आणि सगळं उलट. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. क्षमाने कॉम्प्युटरवर त्या ग्रहाचं हिशेबातलं वर्ष उभं केलं होतं आणि पिंपात खरं. दोन्ही जुळतात का, एवढंच तिला बघायचं होतं.

"मगे कमी कोणाचा जाता?" मंजुळाने विचारलं होतं.

"कुणाचंच नाही," क्षमा म्हणाली होती. "तेवढंच असतं. फक्त एका वेळी एकाच टोकाला असतं."

३

पिंपात घालायला लाल माती हवी होती. मंगळाची माती लोखंडाची, सुर्ल्याचीही लोखंडाची, म्हणून तर ही शेड घेतलेली. क्षमाने मंजुळाला खाणीच्या डंपावरून, टाकाऊ मातीच्या ढिगावरून, एक पोतं आणायला सांगितलं. मंजुळा गेली. डंपावर आता पहारा होता. राखणीला बसलेला गौरेश तिच्या ओळखीचा, पण त्याने हात जोडले आणि सांगितलं की वयनी, एक घमेलं हललं तरी माझी नोकरी जाईल. मंजुळाने त्याला दोन शब्द ऐकवले आणि घरी आली.

सुर्ल्यात ट्रकवाल्यांच्या घरी अंगणं भरलेली असतात ती खनिजाच्या मातीनेच. ट्रकातून सांडलेलं, झाडून आणलेलं, वर्षानुवर्षं धुमसाने ठोकलेलं, वर शेणाचं सारवण. माती ती माती. मंजुळाने न्हाणीच्या दगडाजवळचा कोपरा कुदळीने उकरला, पोतं भरलं, आणि शेडवर नेऊन टाकलं. डंपावरची म्हणून सांगितलं. क्षमाने ती चाळली, भट्टीत घातली, वजन हलायचं थांबेपर्यंत भाजली. थेंब म्हणून आत राहिला नाही. मग ती पिंपात गेली आणि पिंप बंद झालं.

ही गोष्ट जूनमधली. मंजुळाच्या ती ध्यानातही राहिली नाही.

आता क्षमा कॉम्प्युटरसमोर नखं खात बसायला लागली होती. गोठवलेल्या ताटावर दंव धरत होतं, ते धरायलाच हवं होतं, मोजून थोडी वाफ तिनेच आत सोडली होती. पण दंव सोडलेल्या वाफेहून जास्त होतं. रोज थोडं थोडं वाढत होतं. बाहेरची दमट हवा कुठून तरी आत जात असेल, म्हणून तिने पिंपाचे सगळे सांधे तपासले, पणजीहून माणूस बोलावून पुन्हा तपासले. पिंप घट्ट होतं.

"कुठून येतंय हे?" ती काचेतून बघत म्हणायची, मंजुळाला नव्हे, स्वतःलाच.

मंजुळाही झाडू टेकवून काचेतून बघायची. आत दिव्याच्या उजेडात लाल जमीन, आणि टोकाला पांढरं. चांगलं दिसायचं ते. नदीच्या पलीकडे पहाटेचं धुकं बसावं तसं.

४

घरी कृष्णनाथचा खोकला गेला.

हळूहळू नाही, एकदम गेला. सकाळी उठल्यावर तो छाती साफ करायला परसात जायचा, तो गेला नाही. कदेलावर बसून स्वतःच्या छातीवर हात फिरवत राहिला आणि म्हणाला, "मंजुळा, खोकलो खंय गेलो गो?"

"तुमका तेची आठवण येता काय?" ती म्हणाली.

तो हसला. कित्येक वर्षांनी तो न खोकता हसला. साखळी गावातल्या डॉक्टरांनी छाती ऐकली, पुन्हा ऐकली, कफाचा आवाजच नाही म्हणाले, गोळ्या निम्म्या केल्या. परत येताना मंजुळाने साखळीहून मासे घेतले.

पण ती बाई डोळे मिटून संसार करणारी नव्हती. तिला दिसत होतं. डोंगरासारखं जेवण समोर ठेवलं, तिखट आमटी भुरकली, तरी त्याच्या कपाळावर घाम नाही. उशी कोरडी, गंजीचा वास गेलेला. पाणी तो पीत होता, कोपच्या कोप, पेलेच्या पेले रिकामे करत होता, पण दिवसभरात परसाकडे एकदासुद्धा उठत नव्हता. तिने विचारलं तर म्हणाला, लागतच नाही. अंगाला हात लावला तर गरम नाही, थंड नाही, पुठ्ठ्यासारखं. आणि हलका. कदेल सरकवताना तिने त्याला काखेत हात घालून उठवलं, तर तो सूप उचलावं तसा उठला.

त्याच आठवड्यात पल्लवी पेडण्याहून बाळाला घेऊन आली. त्यांची एकुलती मुलगी. ती परत सासरी निघाली की कृष्णनाथ दर वेळी रडायचा, पोरीसमोर, रिक्षावाल्यासमोर, लाज सोडून. या वेळीही त्याचा चेहरा गोळा झाला, ओठ थरथरले, खांदे हलले. पल्लवी त्याच्या गळ्यात पडली. मंजुळा पडवीच्या खांबाला टेकून बघत होती. त्याचे डोळे कोरडे होते. तो पापण्या मिटत होता, उघडत होता, आणि त्यातून बारीक आवाज येत होता, वाळलेलं केळीचं पान वाऱ्याने दुमडावं तसा.

रिक्षात बसताना पल्लवीने आईला बाजूला घेऊन सांगितलं की बाबा बरे दिसतात, खोकला नाही, देवानेच बघितलं.

मंजुळाने मान हलवली. दुपारी ती कामावर गेली, तेव्हा तिला दिसलं की अंगणाचा उकरलेला कोपरा पावसात कोरडा होता. बाजूला चिखल, आणि तेवढ्या खड्ड्यात धूळ. पाऊस त्यात पडत होता आणि दिसत नव्हता.

५

शेडमध्ये क्षमा जेवायला बसली होती. मंजुळा पिंपाखालची फरशी पुसत होती आणि पंपाचा आवाज तिच्या कानावर होता, रोजच्यासारखाच. फडकं पिळता पिळता तिचा हात थांबला.

पंप आत ओढत होता. मध्येच अडकत होता. गाठ सुटावी तसा सुटत होता. मग बाहेर.

ती तशीच गुडघ्यावर बसून राहिली. आत, अडकणं, सुटणं, बाहेर. इतकी वर्षं ज्या आवाजावर झोप लागत आली तो ओळखायला तिला कुणाची गरज नव्हती. घरातून गेलेला खोकला इथे होता.

"बाय, ह्यो पंप असो कित्याक करता?" तिने विचारलं.

"कसा?"

"मधीच अडकता. माणसासारखो."

क्षमाने घास हातात धरून ऐकलं. पंप नवा आहे, थंडीत तेल घट्ट होतं, म्हणाली. आणि पुढचा घास घेतला.

मंजुळा उठली आणि काचेपाशी गेली. काचेवर आतल्या बाजूने तळहाताएवढी वाफ धरली होती. ती बघता बघता विरली. मग पुन्हा धरली. धरताना मध्ये क्षणभर थांबली, आणि उरलेली धरली. मंजुळाने आपलं तोंड काचेला लावलं नव्हतं, ती चांगली हातभर लांब होती. वाफ आतली होती. कुणीतरी पलीकडून काचेला नाक लावून बाहेर बघत असावं, एवढ्या जवळची.

बाहेर पाऊस चालूच होता. क्षमा डबा पुसून घेत होती. मंजुळाला भीती वाटली नाही, हेच तिला नंतर आठवलं. आत सगळं बधिर झालं होतं, दाढ काढण्याआधी गाल होतो तसं. दाबलं तर कळतं, दुखत नाही.

६

"ती माती डंपावरची न्हय," मंजुळा म्हणाली. "माझ्या अंगणातली. घोवाच्या न्हाणीकडची."

क्षमा आधी समजलीच नाही, आणि समजली तेव्हा चिडली. दोन महिन्यांचं काम, मातीची कुंडली सगळी चुकीची लिहिलेली, त्यात साबण, शेण, काय काय असेल. ती फाडफाड बोलली आणि मंजुळाने, जिने मास्तरांचं ऐकून घेतलं नव्हतं, ते मुकाट्याने ऐकून घेतलं. मग क्षमा स्वतःच थांबली. माती कुठलीही असली तरी ती भाजलेली होती, हळू आवाजात म्हणाली. पाणी तिच्यातून येऊच शकत नाही.

"ह्या पाणी माझ्या घोवाचा," मंजुळा म्हणाली.

क्षमा हसायला लागली होती, पण मंजुळाचा चेहरा बघून ते तोंडातच राहिलं. मंजुळाने तिला पंच्यापासून सगळं सांगितलं. रडून नाही, रेशनच्या दुकानातली भानगड सांगावी तसं. शेवटी विचारलं, आता पुढे काय होणार.

पुढचं ठरलेलं होतं. संध्याकाळी पिंपातला ऋतू आपोआप फिरणार. गोठलेलं ताट तापत जाणार, त्यावरचं दंव वाफ होऊन उठणार. थोडी वाफ पलीकडच्या टोकाला बसेल. जास्तीची पंप ओढून बाहेर टाकेल.

"भायर म्हणजे खंय?"

क्षमाने शेडच्या मागच्या नळीकडे बोट केलं. नळी पावसात उघडी होती.

"मगे फिरवू नको," मंजुळा म्हणाली.

क्षमाने खूप कारणं सांगितली. पुढच्या आठवड्यात दुसरी माणसं पिंप वापरणार होती, तारखा ठरल्या होत्या, आणि मुळात ती जे म्हणते ते होऊच शकत नव्हतं. मंजुळाने वाद घातला नाही. विजेच्या मोठ्या खटक्यासमोर जाऊन उभी राहिली, पदर खोचला, आणि सांगितलं की आधी येऊन माणूस बघ, मग मला शिकव. नाहीतर हा खटका माझ्या हाताखाली आहे.

चालत गेल्या दोघी, एका छत्रीतून. कृष्णनाथ पडवीत कदेलावर होता. क्षमाने त्याला नमस्कार केला, काका कसे आहात म्हणाली. तो बरा आसंय म्हणाला, आवाज कागदावर कागद घासल्यासारखा. क्षमा त्याच्याजवळ बसली. तिच्या चष्म्यावर पावसातून आल्याने धुकं धरलं होतं. तिने तो काढला, ओढणीने पुसला, थांबली, आणि भिंग हळूच त्याच्या तोंडासमोर धरून म्हणाली, "काका, जरा फुंकर मारता?"

त्याने मारली. काच स्वच्छ राहिली. तिने आणखी जवळ धरलं. त्याने दमादमाने पुन्हा फुंकर मारली. क्षमाने मग स्वतः त्याच भिंगावर हलकी फुंकर मारली, आणि ते पांढरं झालं.

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला नाही. हातातच धरून उठली आणि म्हणाली, "चला, मंजुळाताई. लवकर चला."

७

क्षमाने पिंप उघडायला घेतलं. आत हवा सोडली तेव्हा मोठा सुस्कारा झाला. ताटावरचं दंव तिने खरवडून काढलं, मंजुळाने स्टीलचा डबा खाली धरला. मग मातीही काढली, चिमूट न ठेवता, त्याच पोत्यात भरली. पिंप रिकामं झालं. क्षमाने आतून पुसलंसुद्धा.

बर्फ डब्यात विरघळला तेव्हा त्याला वास आला. डिझेल, घाम, आणि लाल माती. मंजुळाने डबा पदराखाली धरला आणि भर पावसात, एक थेंब हिंदकळू न देता, घरापर्यंत आली.

कृष्णनाथने विचारलं नाही काय आहे. दोन्ही हातांनी डबा धरला आणि पीत राहिला. त्याचा गळा खालीवर होताना ती बघत होती. पिऊन झाल्यावर त्याने डबा खाली ठेवला. मग त्याच्या कानशिलावर एक थेंब उगवला, ओघळला, हनुवटीवर आला. मग दुसरा. मग तो खोकला. श्वास आत गेला, अडकला, सुटला, बाहेर आला, आणि कृष्णनाथने परसात जाऊन पचकन थुंकलं.

मंजुळा पायरीवर बसली आणि ते ऐकत राहिली. जगात याहून चांगला आवाज नाही, असं काहीतरी तिला वाटायला हवं होतं. वाटलं ते इतकंच की माणूस राहिला.

माती तिने कोपऱ्यात ओतली, धुमसाने ठोकली. पाऊस पडला आणि कोपऱ्यात डबकं झालं, चारचौघांच्या अंगणात होतं तसं. ते बघून ती आत गेली आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली.

"मगाशी काय पियालंय गो मी?" कृष्णनाथने विचारलं. त्याचं कपाळ घामाने चमकत होतं.

"औषध."

"बरां होतां," तो म्हणाला, आणि पावसाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दोघांचा होतां ना पण ता."

तिने ताट उचललं. काय म्हणालात, म्हणून विचारलं नाही. त्या दगडावर तो बसायचा खरा, पण तांब्या ओतणारे, पाठ घासणारे, कोपरापर्यंत भिजलेले हात तिचे होते, मातीत मुरलेलं पाणी दोघांचं होतं, हे तिला त्याने सांगायची गरज नव्हती.

८

क्षमाचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मंजुळा अंगणात भांडी घासत होती. फोन उघड्यावर धरायला नको म्हणून ती पडवीच्या पत्र्याखाली येऊन उभी राहिली.

क्षमा भराभर बोलत होती. दुसऱ्यांना द्यायच्या आधी तपासून घ्यावं म्हणून तिने रात्रभर पिंप रिकामंच चालवलं होतं. आत माती नाही, वाफ सोडलेली नाही, काहीच नाही. ऋतू फिरला होता. पहिलं ताट कोरडं होतं, पण पलीकडच्या टोकाच्या ताटावर दंव होतं. भरपूर. कॉम्प्युटरात त्याचा मागमूस नव्हता.

"आणि काचेवर?" मंजुळाने विचारलं.

क्षमाने काचेजवळ जाऊन बघितलं. मग म्हणाली, "येतंय, जातंय. पण अडकत नाही. हा श्वास वेगळा आहे. भरभर चालणाऱ्या माणसाचा असतो तसा." आणि मग अगदी हळू, "मंजुळाताई, तुम्ही बऱ्या आहात ना?"

मंजुळाने कृष्णनाथकडे बघितलं. तो कदेलावर पेंगत होता, मान एका खांद्यावर, गंजी घामाने पाठीला चिकटलेली. श्वास आत जात होता, अडकत होता, सुटत होता.

क्षमा म्हणत होती की घाबरू नका, मी आत्ता उघडते, तुम्ही डबा घेऊन या, हेही घेऊन जा. बंद करून टाकलं तर मात्र सगळं उडून जाईल, तेवढं करता येणार नाही.

"ह्या मिया घेतलंय," मंजुळा म्हणाली, "की मगे परत त्या टोकाक धरतला. हेंच्या."

तेवढंच असतं, एका वेळी एकाच टोकाला असतं, हे क्षमाचंच वाक्य. तिनेच ते समजावून सांगितलं होतं, चहा पिता पिता.

"आसांदे," मंजुळा म्हणाली. "उघडू नको. ऋतू फिरवू नको. ह्या टोकाकच रवांदे."

"पुढच्या आठवड्यात ती माणसं येणार आहेत, मंजुळाताई. मी किती दिवस..."

"तुका जमता तितके," मंजुळा म्हणाली आणि फोन ठेवला.

कृष्णनाथने डोळे उघडून विचारलं, कोण होतं. कामावरची बाय, तिने सांगितलं, आज उशिरा ये म्हणते. तो म्हणाला, मग जरा पेज टाक, भूक लागली. खोकल्याची ढास आली तशी त्याने छाती धरली, आणि ती जाईपर्यंत मंजुळा त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली.

मग ती पावसात जाऊन घासलेली भांडी घेऊन आली, घोट्यापर्यंत चिखलपाण्यातून, आणि पडवी ओलांडून स्वयंपाकघरात गेली. सकाळीच सारवलेल्या जमिनीवर तिच्या ओल्या पावलांचा एकही ठसा उठला नाही. तिने वळून बघितलं, एकदाच. मग तांदूळ धुवायला घेतले.